स्पेस गेममध्ये काहीच दिसत नाही? आधी तो अंधार कुठला ते ओळखा

शिप घेऊन एखाद्या ग्रहाच्या रात्रीच्या बाजूला उतरायला जावं आणि समोर मिट्ट काळोख, खाली सपाट जमीन आहे की दरी आहे काही कळत नाही, उंचीचा आकडा तेवढा भराभर खाली येतोय. स्पेस गेम खेळणाऱ्या जवळपास सगळ्यांनी हे अनुभवलंय आणि अशा वेळी जवळपास सगळे एकच करतात, मॉनिटरचा ब्राइटनेस शंभरवर नेऊन ठेवतात. दोन मिनिटं बरं वाटतं. मग लक्षात येतं की दरी अजूनही दिसत नाहीये, आकाश मात्र काळ्याचं राखाडी झालंय, आणि वळून ताऱ्यासमोर आलं की डोळे दिपतात. मी पण कितीतरी दिवस असंच खेळत होतो, डोकं दुखायचं आणि गेममधलं अंतराळ धुरकट वाटायचं, गेमची सगळी मजा ज्या काळ्याभोर आकाशात आहे तेच मी माझ्या हाताने पुसून टाकत होतो.

मूळ गोष्ट अशी आहे की स्क्रीनवर दिसणारा अंधार एकाच ठिकाणाहून येत नाही. काही अंधार गेमच्या जगातच असतो, म्हणजे तिथे खरोखर उजेड पोचलेला नसतो. काही अंधार त्या जगाचं चित्र बनवताना तयार होतो. काही कॉम्प्युटरपासून स्क्रीनपर्यंत जाताना वाटेत होतो. आणि बाकीचा आपल्या खोलीतला दिवा आणि आपले डोळे मिळून तयार करतात. या प्रत्येकाचं बटण वेगळं आहे, आणि एका ठिकाणचा प्रॉब्लेम दुसऱ्या ठिकाणच्या बटणाने सोडवायला गेलो की हमखास काहीतरी बिघडतं. आपल्याला काय हवंय हे पण एकदा डोक्यात पक्कं असू दे, काळं आहे ते काळंच राहिलं पाहिजे, काळ्याच्या शेजारचं जे अगदी थोडंसं उजळ आहे तेवढंच उघडून दिसलं पाहिजे.

आधी गेमच्या जगाचं बघू. पृथ्वीवर भर दुपारी झाडाच्या सावलीत बसून आपण आरामात वाचू शकतो, कारण सूर्य थेट आपल्यावर नसला तरी अख्खं निळं आकाश आपल्यावर उजेड टाकत असतं. हवा सूर्यप्रकाश विखरून टाकते आणि आकाश म्हणजे डोक्यावरचा एक प्रचंड दिवाच होऊन जातो. अंतराळात हवाच नाही, त्यामुळे तो दिवाही नाही. सूर्याकडची बाजू भगभगीत आणि पलीकडची बाजू एकदम काळी, मधलं काही नाही. शिपच्या सावलीच्या बाजूला उजेड येणार तो जवळच्या एखाद्या ग्रहावरून किंवा चंद्रावरून परत फिरून आलेला, तेवढाच. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांचे चंद्रावरचे फोटो बघा, यानाच्या सावलीत उभा असलेला माणूसही व्यवस्थित दिसतो, तो आजूबाजूच्या जमिनीवरून उसळलेल्या उजेडामुळे, आणि चंद्राची जमीन तर तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १२ टक्केच परत फेकते, तरी एवढं दिसतं.

आता हा उसळलेला उजेड गेममध्ये खरोखरचा मोजायचा म्हटलं तर ग्राफिक्स कार्डला फार काम पडतं. म्हणून बरेच गेम बनवणारे एक सोपा उपाय करतात, सगळीकडून सारखाच येणारा थोडासा नकली उजेड मिसळतात, त्याला अँबियंट लाइट म्हणतात. तो जास्त मिसळला तर सगळं दिसतं पण शिप प्लास्टिकच्या खेळण्यासारखी वाटते, कमी मिसळला तर खरं अंतराळ वाटतं पण तुम्ही डोंगराला धडकता. कर्बल स्पेस प्रोग्रॅमसारख्या गेममध्ये हा अँबियंट उजेड सेटिंगमधून वाढवता येतो आणि माझं मत विचाराल तर जिथे अशी सोय आहे तिथे आधी तीच वापरावी, कारण ती सावलीतल्या वस्तू उजळवते, रिकाम्या आकाशाला सहसा हात लावत नाही.

दुसरी भानगड अंतराची. ताऱ्यापासून दुप्पट लांब गेलात की उजेड निम्मा नाही होत, पाव होतो, तिप्पट लांब गेलात की नववा हिस्सा. आपल्या सूर्यमालेत मंगळावर पृथ्वीच्या ४३ टक्के सूर्यप्रकाश पोचतो, गुरूपाशी साधारण २७ वा हिस्सा, शनीपाशी ९० वा, आणि नेपच्यूनपाशी ९०० वा हिस्सा. ऐकायला भयंकर वाटतं, पण गंमत अशी की प्लूटोवर सुद्धा दुपारी जेवढा उजेड असतो तो पृथ्वीवरच्या पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा शेकडो पट जास्त असतो, साधारण घरात दिवा लावल्यावर असतो तेवढा, त्यात माणूस आरामात वावरू शकेल. म्हणजे लांबचा ग्रह गेममध्ये एकदम काळाठिक्कर दिसत असेल तर तो दरवेळी खरेपणा नसतो, बऱ्याचदा चित्र बनवताना उजेडाचं माप नीट बसवलेलं नसतं.

हे माप बसवणं म्हणजेच एक्स्पोजर, आणि खरी ओढाताण इथे आहे. एखाद्या जागी किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात, पृथ्वीजवळच्या अंतराळात थेट ऊन लाख लक्सच्या पुढे असतं आणि नुसत्या ताऱ्यांचा उजेड एका लक्सच्या हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे दोन्हींत दहा कोटी पटीचा फरक. साध्या मॉनिटरवर सगळ्यात पांढरं आणि सगळ्यात काळं यात हजार पटीचा फरक असतो. दहा कोटी हजारात कोंबायचे म्हणजे काहीतरी सोडून द्यावंच लागतं. चंद्रावरच्या त्या फोटोंमध्ये आकाशात तारे का दिसत नाहीत असा प्रश्न लोक अजून विचारतात, त्याचं उत्तर हेच, कॅमेरा उन्हातल्या जमिनीसाठी लावलेला होता, अडीचशेव्या सेकंदासारख्या छोट्या एक्स्पोजरमध्ये बारीक तारे उमटणारच नाहीत. गेममध्ये उजळ ग्रह समोर आल्यावर तारे नाहीसे झाले तर तुमची स्क्रीन बिघडलेली नाही, गेमचा कॅमेरा तेच करतोय.

आणि हा कॅमेरा एका जागी थांबत नाही. चित्रात उजेड किती आहे ते बघून तो स्वतःच एक्स्पोजर कमी जास्त करतो, आपल्या डोळ्याची बाहुली लहान मोठी होते तसं. २००५ मध्ये हाफ लाइफ २ : लॉस्ट कोस्ट नावाचा छोटा भाग खास ही करामत दाखवायला आला होता, आता हे जवळपास सगळीकडे असतं आणि सेटिंगमध्ये ऑटो एक्स्पोजर किंवा आय अडॅप्टेशन अशा नावाने दिसतं. म्हणून स्टेशनच्या उजेडातून बाहेर पडल्या पडल्या सगळं काळं दिसलं तर लगेच सेटिंग उघडू नका, चार पाच सेकंद थांबा. गॅमा, म्हणजे अंधारातल्या शेड उचलणारं सेटिंग, त्याबद्दल पुढे सांगतोच, तो लावतानाही हे लक्षात ठेवा, कॅमेरा अजून सरावत असतानाच स्लायडर सरकवत बसलात तर तुम्ही हलत्या गोष्टीवर नेम धरताय.

आता गॅमा. अख्ख्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे त्यामुळे इथे जरा निवांत थांबू.

साध्या स्क्रीनवर प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण. तर मग १२८ म्हणजे निम्मा उजेड असं वाटतं ना, पण नाही, १२८ ला स्क्रीन पूर्ण उजेडाच्या साधारण साडेएकवीस टक्केच उजेड टाकते. असं मुद्दामच ठेवलंय. आपल्या डोळ्याला अंधारातले बारीक फरक जास्त कळतात आणि उजेडातले कमी, एका मेणबत्तीशेजारी दुसरी लावली तर लगेच कळतं, शंभर मेणबत्त्यांत एक वाढवली तर कोणाला कळणार. म्हणून जास्तीत जास्त पायऱ्या अंधाराच्या भागाला दिल्या आहेत. जुन्या काचेच्या ट्यूबचे टीव्ही त्यांच्या बनावटीमुळे आपोआपच असा वाकडा हिशोब करायचे, पुढे १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी नावाचं प्रमाण मांडलं, त्यातही तीच वाकडी रेघ धरली, आणि आजच्या बहुतेक मॉनिटरचा गॅमा, म्हणजे ही रेघ किती वाकडी त्याचा आकडा, २.२ च्या आसपास असतो तो यामुळे.

गेममधला गॅमा स्लायडर ही रेघ अजून थोडी वाकवतो. समजा तुम्ही तो १ वरून १.२ केला. ० आहे तो ० च राहतो, २५५ आहे तो २५५ च राहतो. पण १० नंबरची शेड १७ होते, १२८ ची १४४ होते, आणि २४० ची जेमतेम २४२. बघा काय झालं, टोकं जागच्या जागी, मधला भाग थोडा वर, आणि अंधारातल्या शेड चांगल्या उचलल्या गेल्या. १० नंबरची शेड आधी पूर्ण उजेडाच्या ०.३ टक्के होती ती आता ०.५६ टक्के झाली, जवळपास दुप्पट. दरीची कड, खडकाची बाजू, शिपचं पोट हे सगळं याच १० ते ३० च्या पट्ट्यात लपलेलं असतं. याउलट सगळ्याच शेडमध्ये सरळ ७ मिळवले असते तर १० ची १७ झाली असती खरी, पण ० चा पण ७ झाला असता, म्हणजे काळं आकाश गेलं. बऱ्याच टीव्हींवर ब्राइटनेस नावाचं बटण नेमकं हेच करतं. म्हणून अंधार उघडायला गॅमा, ब्राइटनेस नाही.

पण गॅमाही फुकट मिळत नाही. ० ते १० यामध्ये दहाच पायऱ्या होत्या, त्या ओढून ० ते १७ वर पसरवल्या की मधे फटी पडणार, आणि मग तेजोमेघाच्या मऊ रंगात किंवा ग्रहाच्या कडेच्या धुक्यात वेगवेगळे पट्टे दिसायला लागतात, बँडिंग म्हणतात ते. असे पट्टे दिसले की समजा गॅमा जास्त झालाय. अशा वेळी फिल्म ग्रेनचा ऑप्शन असेल तर थोडासा चालू करून बघा, त्या बारीक रवाळपणात पट्टे झाकले जातात. क्लाउडवरून गेम खेळणाऱ्यांना हे जास्त छळतं कारण व्हिडिओ दाबून पाठवताना अंधारातले बारकावे सगळ्यात आधी कापले जातात, आणि वाटेत गेलेले बारकावे गॅमा वाढवून परत येत नाहीत.

स्लायडरबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. काही गेममध्ये आकडा वाढवला की उजळ होतं, काहींमध्ये उलटं, आकडा वाढवला की गडद होतं, कारण तिथे आकडा स्क्रीनच्या गॅमाचा असतो, तेव्हा आकड्यावर जाऊ नका, चित्रावर जा. दुसरं, जुने गेम चित्र न बदलता ग्राफिक्स कार्डच्या शेवटच्या टप्प्यावर गॅमा बदलायचे आणि ते फक्त फुलस्क्रीनमध्ये चालायचं. म्हणून जुन्या गेममध्ये विंडो मोडला स्लायडर हलवून काहीच होत नसेल तर फुलस्क्रीन करून बघा. अशा गेममधून काढलेला स्क्रीनशॉट गेमपेक्षा गडद दिसतो त्याचंही कारण हेच.

आता स्क्रीनकडे येऊ, आणि खोलीकडे, कारण या दोघी एकत्रच बघायला पाहिजेत. मॉनिटरवरचं ब्राइटनेस बटण बहुतेक वेळा मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, कमी जास्त करतं. टीव्हीवर तोच प्रकार बॅकलाइट नावाने वेगळा असतो आणि ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी. नावं सारखी, कामं वेगळी, निम्मा गोंधळ यातूनच होतो.

एक हिशोब करून बघू. साधा आयपीएस मॉनिटर (आयपीएस हा स्क्रीनच्या पॅनलचा एक प्रकार) २५० निट्सवर लावलाय, निट्स म्हणजे स्क्रीन किती उजळ दिसते त्याचं माप, त्याचा कॉन्ट्रास्ट हजारास एक, म्हणजे त्याचा काळा सुद्धा ०.२५ निट्स उजेड सोडतो, मागचा दिवा पूर्ण झाकला जात नाही म्हणून. आपली ती १० नंबरची शेड या काळ्याच्या साधारण चौपट उजळ दिसेल. आता स्क्रीनवर खोलीतल्या दिव्याचा १०० लक्स उजेड पडतोय असं धरा आणि मॅट स्क्रीन त्यातला २ टक्के परत पसरवते असं धरा, तर ०.६ निट्सच्या वर उजेड सगळ्या चित्रावर एकसारखा चढला. आता तीच शेड काळ्याच्या दुपटीलाही पोचत नाही. बॅकलाइट २५० चा ३५० केला तर? जेमतेम दुप्पट होतं, बस. आणि तो दिवा बंद केला किंवा स्क्रीनवर पडणार नाही असा फिरवला तर परत चौपट. शंभर निट्स वाढवून जे जमलं नाही ते दिव्याची दिशा बदलून झालं, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की बटणांना हात लावायच्या आधी बंद स्क्रीनसमोर बसा आणि त्या काळ्या काचेत तुम्हाला खोलीतलं काय काय दिसतंय ते बघा. खिडकी दिसतेय, पंख्याजवळची ट्यूब दिसतेय, तुमचा पांढरा शर्ट दिसतोय, हे सगळं गेम चालू असतानाही तिथेच असतं.

पण म्हणून खोलीत पूर्ण काळोख करून खेळा असं नाही. पूर्ण काळोखात बाहुली मोठी होते आणि तारा समोर आला की त्रास होतो. स्क्रीनच्या मागे भिंतीवर पडेल असा मंद पांढरा दिवा लावावा, स्क्रीनच्या पांढऱ्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा भिंतीवर दिसेल इतका, आणि रंगाने ६५०० केल्विनच्या आसपासचा. उजेड स्क्रीनवर पडत नाही पण डोळ्याला आजूबाजूला काहीतरी आधार मिळतो, शिवाय आयपीएसचा राखाडी काळा त्या उजळ भिंतीपुढे जास्त काळा भासतो.

पॅनलचा प्रकारही बघा. व्हीए पॅनलचा कॉन्ट्रास्ट तीन हजारास एकच्या आसपास असतो, काळा छान मिळतो, पण काळ्यातून गडद राखाडीत जायला त्याला वेळ लागतो, म्हणून शिप वळवली की गडद भागांच्या मागे शेपूट ओढल्यासारखं दिसतं. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःचा दिवा असतो आणि काळा म्हणजे खरोखर बंद, अंतराळासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त तिथे एकदम काळ्याला लागून असलेल्या शेड कधी कधी गिळल्या जातात, तेवढ्यासाठी गॅमा एखादी खूण वर लागतो, आणि कॉकपिटचे एकाच जागी बसलेले आकडे नि रेघा मंद ठेवाव्यात म्हणजे कायमचा डाग पडायची भीती कमी होते. ज्या टीव्हीत मागचा दिवा छोट्या छोट्या भागांत विझतो, लोकल डिमिंगवाल्या, त्यांचं ताऱ्यांशी फारसं जमत नाही. काळ्यावर एक बारीक ठिपका दिसला की टीव्हीला प्रश्न पडतो, हा भाग विझवू का पेटवू, विझवला तर तारा गेला, पेटवला तर ताऱ्याभोवती धुरकट वलय. तुमच्या गेममध्ये तारे कमी दिसत असतील तर लोकल डिमिंग लो करून बघा.

लॅपटॉपवाल्यांसाठी हे वेगळं सांगतो कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. इंटेल आणि एएमडी दोघांच्याही ग्राफिक्समध्ये बॅटरी वाचवायची एक सोय असते, एएमडीवर तिला व्हॅरी ब्राइट म्हणतात, चित्र गडद दिसलं की ती गुपचूप मागचा दिवा कमी करते. स्पेस गेममध्ये चित्र बहुतेक वेळ गडदच, म्हणजे ही सोय सतत जागी. तुम्ही गॅमा वाढवा, ती दिवा कमी करेल, असा खेळ चालू राहतो. ती बंद करा, मॉनिटरमधला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा, टीव्हीचा इको मोड आणि खोलीचा उजेड बघणारा सेन्सर बंद करा, आणि रात्री स्क्रीन पिवळी करणारा नाइट मोड पण खेळण्यापुरता बंद करा. आपोआप बदलणारं काहीही चालू असेल तर तुमचं कुठलंच सेटिंग टिकणार नाही.

मग ती वाटेतली गडबड. एचडीएमआयवरून चित्र दोन प्रकारे जातं, एकात काळा ० आणि पांढरा २५५, दुसऱ्यात काळा १६ आणि पांढरा २३५, हा दुसरा टीव्हीच्या जगातला. पाठवणारा एक समजला आणि घेणारा दुसरं समजला की वाट लागते. कॉम्प्युटरने ० ते २५५ पाठवलं आणि टीव्हीने १६ म्हणजे काळा धरला तर १६ च्या खालचं सगळं एका काळ्या डागात जमा होतं, आणि आपली ती दरी नेमकी तिथेच होती. उलटं झालं तर काळा राखाडी दिसतो आणि सगळंच धुतल्यासारखं. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज फुल की लिमिटेड ते बघा, टीव्हीवर एचडीएमआय ब्लॅक लेव्हल किंवा आरजीबी रेंज असं काहीतरी असेल ते बघा, दोन्ही सारखं करा. मी एकदा अख्खा आठवडा गॅमाशी झगडलो होतो आणि शेवटी हे एक सेटिंग निघालं, तेव्हापासून नवी स्क्रीन जोडली की सगळ्यात आधी हेच तपासतो.

एवढं झाल्यावर सेटिंग लावायला बसा, आणि क्रम असाच ठेवा, खोली, मग रेंज आणि आपोआप बदलणाऱ्या सोयी, मग बॅकलाइट, आणि गेमचा गॅमा सगळ्यात शेवटी. बॅकलाइटसाठी पांढरं पान उघडा आणि ते दिव्यासारखं डोळ्यात न घुसता कागदासारखं दिसेल इथपर्यंत खाली आणा, शंभरवर ठेवायची जवळपास कधीच गरज नसते. मॉनिटरमध्ये ब्लॅक इक्वलायझर, शॅडो बूस्ट असलं काही असेल तर ते मधोमध किंवा बंद ठेवा, गेममधला गॅमा पुरला नाही तरच तिकडे जा. मग गेमच्या गॅमा सेटिंगमध्ये येणारं ते चित्र, खूण जेमतेम दिसेपर्यंत स्लायडर सरकवा असं लिहिलेलं. तिथे लोक जेमतेम हा शब्द सोडून देतात आणि खूण छान ठळक दिसेपर्यंत सरकवतात, म्हणून पुढे सगळं पांढुरकं होतं. चित्रातली खूण पूर्ण नाहीशी होईल इथपर्यंत स्लायडर आधी न्या आणि मग एक दोन घरं परत आणा. त्यानंतर खरी परीक्षा गेममध्येच घ्या, अशी जागा शोधा जिथे एका बाजूला उन्हातली शिप आहे, तिची सावलीची बाजूही दिसतेय आणि मागे रिकामं आकाश आहे. सावलीच्या बाजूचे शिपच्या पत्र्यांचे जोड ओळखू यायला हवेत, आकाश काळं हवं आणि उन्हातल्या भागावरची अक्षरं पांढऱ्यात बुडालेली नकोत. तिन्ही एकदम जमत नसेल तर मी सावलीतले जोड सोडून देतो, आकाश सोडत नाही.

एचडीआर, म्हणजे साध्यापेक्षा जास्त उजळ आणि जास्त गडद दोन्ही दाखवणारा चित्राचा प्रकार, तो वापरणाऱ्यांचं थोडं निराळं आहे. साध्या चित्रात सिग्नल सांगतो की पूर्णच्या इतके टक्के उजेड टाक, एचडीआरमध्ये सिग्नल थेट निट्स सांगतो, वर १०,००० निट्सपर्यंत जायची सोय आहे आणि पायऱ्या २५६ ऐवजी १०२४. त्यामुळे बऱ्याच स्क्रीनवर एचडीआर चालू केलं की ब्राइटनेसचं बटणच काम करेनासं होतं. आणि हे सगळं अंधाऱ्या खोलीचा विचार करून ठरवलेलं आहे, म्हणून दिवसा उजेडात एचडीआर गेम साध्यापेक्षाही गडद वाटतो आणि लोकांना वाटतं आपण काहीतरी चुकीचं केलं. इथे मुख्य आकडे दोन, पेपर व्हाइट म्हणजे अक्षरं आणि मेनू किती उजळ, आणि पीक म्हणजे तारा, इंजिन, लेझर यांना कुठपर्यंत जाऊ द्यायचं. पेपर व्हाइट २०० निट्सच्या आसपास सुरू करून कॉकपिटमधली अक्षरं डोळ्याला बरी वाटतील तसा हलवा. पीक तुमच्या स्क्रीनला खरोखर जमतं तेवढंच ठेवा, जास्त ठेवलंत तर ताऱ्याभोवतीचे बारकावे एका पांढऱ्या गोळ्यात जातात. आणि स्क्रीन जेमतेम ४०० निट्सची असेल, लोकल डिमिंग नसेल, तर खरं सांगतो, एचडीआर बंद करून नीट लावलेलं साधं चित्र जास्त सुंदर दिसतं.

आता हे सगळं बरोबर करूनही एखाद्या जागी दिसत नसेल तर ती जागा खरोखरच अंधारी आहे, तिथे बटणं पुरत नाहीत. लाल ताऱ्यांपाशी हे फार होतं. स्क्रीनच्या पांढऱ्या उजेडात लाल रंगाचा वाटा साधारण २१ टक्के, हिरव्याचा जवळपास ७२ आणि निळ्याचा फक्त ७. गेमने तारा गडद लाल रंगवला की तिथे पडणारा सगळा उजेड त्या २१ टक्क्यांतूनच येणार, म्हणून लाल किंवा निळ्या उजेडातली जमीन वाचायला अवघडच जाते. तिथे शिपचे दिवे लावा, दिव्याचा उजेड पांढरा असल्यामुळे खडकांचा आकार लगेच उठून दिसतो. एलीट डेंजरस या स्पेस गेममध्ये डिसेंबर २०१८ च्या अपडेटपासून नाइट व्हिजन आहे, ते ग्रहांच्या रात्रीच्या बाजूला उतरताना वापरलंत तर गॅमा उगाच वाढवावा लागत नाही.

आणि कधी कधी नुसतं थांबणंही पुरतं. पृथ्वीभोवती फिरणारं अंतराळ स्थानक साधारण ९० मिनिटांत एक फेरी मारतं आणि दिवसाला १६ सूर्योदय बघतं. कर्बलमध्ये तर ग्रह लहान असल्याने खालच्या कक्षेतली अख्खी फेरी अर्ध्या तासाची, त्यामुळे रात्रीच्या बाजूला दोन यानं जोडायची वेळ आली तर अंधारात चाचपडण्यापेक्षा वेळ पुढे पळवा आणि सूर्य वर आल्यावर जोडा, सूर्य आपल्या पाठीमागे राहील अशा बाजूने गेलात तर समोरचं यान पूर्ण उजळलेलं असतं.

राहिले डोळे. अंधाराला पूर्ण सरावायला माणसाच्या डोळ्याला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि एक पांढरं पान उघडलं की त्यातलं बरंचसं काही सेकंदांत निघून जातं. स्क्रीनसमोर बसल्यावर डोळा तेवढा पूर्ण सरावत नाहीच, पण जेवढा सरावतो तेवढा टिकवला तर गॅमाच्या एक दोन खुणा वाचतात. कॉकपिटच्या इंटरफेसचा ब्राइटनेस वेगळा कमी करता येत असेल तर तो रात्रीच्या बाजूला कमी करा, दुसऱ्या मॉनिटरवर पांढऱ्या पानाचा नकाशा उघडा ठेवू नका, डार्क मोड लावा. अंधारात बघणाऱ्या आपल्या डोळ्यातल्या पेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही, म्हणून खऱ्या कॉकपिटमध्ये रात्री मंद लाल दिवे वापरायची पद्धत होती, गेममध्ये इंटरफेसचा रंग बदलता येत असेल तर मंद लाल किंवा गडद नारिंगी करून एकदा खेळून बघा, खिडकीबाहेरचे तारे आहेत त्यापेक्षा जास्त वाटायला लागतात.

दिवसाची खोली आणि रात्रीची खोली यांना एकच सेटिंग कधीच पुरत नाही, तेव्हा मॉनिटरमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह करून ठेवा, आणि गेमचा गॅमा दोन्ही वेळचा किती होता ते कुठेतरी लिहून ठेवा, मोठा अपडेट आला की ग्राफिक्सची सेटिंग बरेचदा पुसली जातात आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.